अप्पांचा कोट आणि हाँगकाँगचा इन्स्पेक्टर

माझ्या बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी भर उन्हात चादरीत गुंडाळून पोलीस चौकीत नेलं. चादर सोलापुरीच होती, जाडजूड, आणि तिच्यावर मोर होते. हे वाक्य मी आजवर इतक्या लग्नांत आणि बारशांत सांगितलंय की ऐकणारे पुढचं आपल्या मनानं रचतात. कुणाला वाटतं मी प्यायलेलो होतो, कुणाला वाटतं सासऱ्यांनी हुंड्यावरून काही वेडंवाकडं बोलून दाखवलं असणार. यातलं काही नव्हतं. मी पूर्ण शुद्धीत होतो, आणि सासऱ्यांनी तोवर आमच्याकडे घोटभर पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. दोष द्यायचाच तर एका सिनेमाला द्यावा लागेल, थोडा उन्हाळ्याला, आणि उरलेला सगळा मला.

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शेंगदाण्याच्या तेलाचा घाणा होता, घराला लागूनच. त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक वस्तू, पुस्तकं आणि देवाचे फोटोसुद्धा, हाताला किंचित बुळबुळीत लागायची. पलीकडे माझा मित्र नरसू याचं घर. ती तेलुगू विणकर मंडळी. पुढच्या खोलीत माग, मागच्या अंगणात सूत रंगवायचे हौद. आमच्या घाण्याची करकर, त्यांच्या मागांची खटखट, मधेच मिलचा भोंगा आणि या सगळ्याच्या तालावर उखळात शेंगा चटणी कुटणारी आमची आई, अव्वा. आमच्या गल्लीत कुणी हळू बोलत नसे, कारण हळू बोललेलं ऐकूच येत नसे. लाइट गेली की सगळी गल्ली एकदम मुकी व्हायची आणि पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागायची. आज मी ज्या फ्लॅटमध्ये राहतो तिथं दिवसभर शांतता असते. मला अजून तिची सवय झालेली नाही.

त्या उन्हाळ्यात कॉलेजात माझं नाव होतं, मी नव्हतो. घाण्यावर बसवलं तर मी पेंडीच्या पोत्यांवर चढून बाहेर कोण चाललंय ते बघत बसायचो. घरात बसवलं तर खिडकीच्या गजांवर बोटं वाजवायचो. "ह्याच्या अंगात काय शिरलंय गं?" अव्वा माझ्या बहिणीला, अक्काला, विचारायची. "जेवताना सुदीक एक पाय उंबऱ्याभाईर." काय शिरलं होतं ते मलाही कळत नव्हतं. काहीतरी मोठं घडणार आहे आणि ते आपल्याला सोडून दुसऱ्याच गल्लीत घडतंय, असं सारखं वाटायचं.

आणि मग स्टेशनाकडच्या टॉकीजला मॅटिनीला तो सिनेमा आला. त्याचं नाव मला तेव्हाही वाचता आलं नव्हतं. तो हाँगकाँगचा की जपानचा यावर नरसूचा आणि माझा शेवटपर्यंत वाद झाला. माणसं इंग्रजीत बोलत, पण ओठ वेगळंच काही सांगत, आणि इंग्रजीही अशी की आमच्या हाती "येस सर" सोडून काही लागत नव्हतं. तरी सगळं कळायचं. एक इन्स्पेक्टर. गुडघ्याखाली जाणारा काळा कोट, काळा चष्मा, ओठांत काडेपेटीची काडी. तो कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि बरोबरच करतो, कारण शेवटी त्याचा साहेबच तस्करांना मिळालेला निघतो. गाणं नाही, नाच नाही, विनोदाला ठेवलेला जाडा हवालदार नाही. नुसता अंधार, लाल-निळे दिवे आणि पाऊस. आमच्याकडे नळाला एकाआड एक दिवस पाणी, आणि तिथं एका माणसाच्या कोटावर एवढं पाणी सांडत होतं! एका प्रसंगात तो गर्दीच्या बाजारातून एका माणसाचा माग काढतो. वळून बघत नाही, दुकानांच्या काचांत बघतो. समोरच्या माणसाचा हात सारखा छातीकडे जातो, शर्टाच्या आत काहीतरी फुगलेलं असतं, आणि इन्स्पेक्टरच्या तोंडातली काडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. बस्स. तेवढ्यावर आपण समजायचं की पिस्तूल आहे. मी तो सिनेमा उतरेपर्यंत बघितला. पहिल्या खेपेला मी त्या इन्स्पेक्टरवर खूश होतो. नंतरनंतर मी तोच होतो.

परवा नातवानं मला कोरियाचा एक सिनेमा लावून दिला. पुन्हा तेच: रात्र, ओला रस्ता, काळा कोट, कुणावर भरवसा नसलेला पोलीस. पन्नास वर्षांत त्या बाजूचा पाऊस काही थांबलेला दिसत नाही. अक्का आली होती, तिनं पडद्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सुनेला म्हणाली, "चादरी कपाटात घालून कुलूप लाव गं."

तर, कोट. काळा कोट सोलापुरात दोघांकडेच असायचा, वकिलाकडे आणि रेल्वेच्या टीसीकडे, आणि दोन्हीही कमरेपर्यंतच. गुडघ्याखाली येणारा एकच कोट माझ्या माहितीत होता: अप्पांचा लग्नातला, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलेला. तो पांढरा होता. मी तो काढला आणि नरसूकडे नेला. नरसू हौदाशेजारी उभा राहून कोटाकडे बघत राहिला.

"उकळावं लागतंय बाबू. नुसतं बुडवून रंग बसत नाही."

"किती वेळ?"

"दुपार जाईल."

दुपार घालवण्याएवढा दम माझ्यात कुठला? मी म्हटलं, बुडव. त्यानं बुडवला. वाळल्यावर कोट असा काही काळाभोर दिसला की नरसूसुद्धा म्हणाला, "तेरी!" उन्हात उभं राहिलं की त्याला नीळ आणि लोखंडाचा मिळून एक वास यायचा. चष्मा आठवड्याच्या बाजारातला होता, काडेपेटी अव्वाची.

आता अक्काचं सांगायला हवं, कारण पणाला लागलं होतं ते तिचं. अक्का उंच होती. आमच्या घराण्यात बायका एवढ्या उंच नसतात. अव्वा म्हणायची, शिवानं माझी उंची पण हिलाच देऊन टाकली. ती बी.ए. झाली होती, शाळेत शिकवायची, आणि तिची दोन स्थळं मोडली होती, दोन्ही खेपेला मुलगा जेमतेम तिच्या कानापर्यंत पोचला म्हणून. मग श्रीपूरकडचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, घरचा ऊस, आणि फोटोत दाराच्या चौकटीशेजारी उभा होता, म्हणजे उंची लपवायचं कारण नव्हतं. अक्कानं फोटो बघितला आणि काहीच बोलली नाही. जी प्रत्येक स्थळाची नक्कल करून दाखवायची, ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना ती गुणगुणत होती. अव्वा मला कोपरानं ढोसून हळूच म्हणाली, "ऐकलास?" त्या गल्लीत गुणगुणणं ऐकायचं म्हणजे कान तेवढे जवळ न्यावे लागतात, आम्ही दोघं तव्याजवळ उभे होतो.

मध्यस्थ सांगून गेला होता की मंडळी बघायला येण्याआधी चौकशी करतील. ही आमच्याकडची जुनी रीत. मुलाकडचा कुणी वडीलधारा न सांगता मुलीच्या गल्लीत येतो, साधेसुधे कपडे घालून, ओळख न देता, आणि न्हाव्याकडे, पिठाच्या गिरणीत, नळावर चार प्रश्न विचारून घराची परीक्षा घेतो. सगळ्यांना ठाऊक असतं. गल्लीत अनोळखी माणूस दिसला की शहाण्या घरातला भाऊ शर्टाची बटणं लावतो आणि गोड हसतो. मी कोट चढवला.

ते धोतर नेसून आले होते. शर्टाला खांद्यावर ठिगळ, पायात जुन्या वहाणा. मी गिरणीसमोर भिंतीला टेकून काडी चावत उभा होतो. ऊन असं की कोटाच्या आत मला माझा स्वतःचाच वाफारा लागत होता. शेजारी नरसू, दुकानात पोचवायची चादर खांद्यावर टाकून. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजातून मला तुटक तुटक ऐकू आलं.

"...घाणेवाल्यांचं घर कुटलं?... माणसं किती हायती?... दुपारचं घरात कोण असतंय?"

दुपारचं घरात कोण असतंय! माझ्या तोंडातली काडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. आणि तेवढ्यात मला दिसलं. त्यांचा हात छातीकडे गेला. शर्टाच्या आत, डाव्या बाजूला, काहीतरी फुगलेलं होतं.

"नरसू," मी म्हटलं, "माल आहे."

"कसला माल?"

इन्स्पेक्टर स्पष्टीकरण देत नाही. मी निघालो. ते पुढे, मी मागे, माझ्यामागे चादर घेऊन नरसू. काचेत बघायचं म्हटलं तर आमच्या रस्त्याला काचेचं दुकान नाही. भांडीवाल्याच्या घागरीत बघितलं तर मला माझंच नाक दिसलं, घागरीएवढं. ते आमच्या घरावरून पुढे गेले, परत आले, मग बोळातून मागच्या बाजूला गेले, टाचा उंचावून परड्याच्या भिंतीवरून आत डोकावले, आणि त्यांचा हात पुन्हा छातीकडे गेला. मी नरसूच्या खांद्यावरची चादर ओढली आणि झेप घेतली.

सिनेमात असा माणूस झटापट करतो. यांनी केली नाही. मोरांच्या आतून फक्त आवाज आला, "हळू, बाबा. गुदमारतंय." मी त्यांना मिठी मारून धरलं होतं, घामानं कोटाचा रंग सुटून माझ्या मनगटांवरून त्यांच्या धोतरावर ओघळत होता, हे मला दिसत होतं, पण तेव्हा मला तो पाऊस वाटला. चौकीपर्यंत आमच्यामागे निम्मी गल्ली. "चोर सापडला! मल्लूनं धरला!" माझ्या नावाचा असा गजर त्याआधी कधी झाला नव्हता. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

चौकीत हवालदार पेपरनं वारा घेत होते. त्यांनी चादर काढायला लावली. आतून पासष्टीचा एक गृहस्थ निघाला, कपाळावरची विभूती घामानं पसरलेली, मिशीला काळा रंग.

"ह्यांच्या छातीशी हत्यार आहे," मी म्हणालो.

"काढा काका, काय आहे ते," हवालदार म्हणाले.

त्यांनी शर्टात हात घातला आणि शिवदोऱ्यात बांधलेली लिंगाची चांदीची डबी बाहेर काढली. आमच्यात ती प्रत्येकाच्या गळ्यात असते, तिला करडगी म्हणतात. तळहातावर धरून त्यांनी ती आधी कपाळाला लावली, मग हवालदारांना दाखवली. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. कोटाचं वरचं बटण तुटलेलं होतं.

"तुझ्या गळ्यात काय आहे रे?"

"तेच," मी म्हणालो.

अप्पा दिवसातून किती वेळा तिथं हात न्यायचे याला गणतीच नव्हती. आजोबा न्यायचे. मी स्वतः, घाबरलो की नेतो. त्या क्षणीसुद्धा माझा हात तिथंच होता. आयुष्यभर डोळ्यांसमोर असलेली गोष्ट हाँगकाँगच्या चष्म्यातून बघितली आणि मला पिस्तूल दिसलं.

हवालदारांनी गर्दी हाकलली, त्या गृहस्थांना पाणी दिलं आणि मला आत टाकू का म्हणून त्यांनाच विचारलं. ते नको म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी शांतपणे सांगितलं, "म्या श्रीपूरकडचा. तुमच्या पोरीला ज्येचं स्थळ आलंय, त्येचा बाप. गिरणीवाल्यानं सांगितलंच व्हतं, घाणेवाल्यांचं पोरगं जरा हे हाय म्हनून. पर एवढं हाय, आसं न्हवतं सांगितलं." पुढे आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायला लागलो; इथंही तेच म्हणतो. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर पायांवर काळे थेंब पडले. त्यांनी पाय मागे घेतले. "आता आयकायचं. घरी मला न्यायचं, पर म्या कोन ते सांगायचं न्हाय. आज न्हाय, उद्या न्हाय, म्या परत येऊस्तवर न्हाय. त्वांड उघडलंस की लगीन मोडलं म्हनून समज."

दार अक्कानं उघडलं. तिनं काळे ओघळ आलेला मी बघितला, काळं झालेलं धोतर बघितलं, चादर बघितली, आणि सुरुवात केली.

"कोणाला धरून आणलास रे हुच्चा? तुझ्या आजोबाच्या वयाचे आहेत ते! आणि हा कोट... अव्वा, अप्पांचा कोट बघ! बसा काका. ह्याला वेडाचे झटके येतात उन्हाळ्यात. काय केलं ह्यानं तुम्हाला?"

"पेंड घ्यायला आलतो," तात्या म्हणाले. "वळकायला चुकला जरा."

तात्यांना पाटावर बसवलं आणि मला समोर उभं केलं. अव्वानं कडक भाकरी चुरून दह्यात घातली, वर शेंगा चटणी, वर घाण्यावरचं ताजं तेल. अक्का लिंबू आणि मीठ घेऊन त्यांच्या शर्टाच्या बाहीवरचा डाग चोळायला बसली. डाग वाढत चालला होता. तात्या जेवत होते आणि डोळ्यांनी घर वाचत होते. मी घामानं डबडबलो होतो, जमिनीवर माझ्याभोवती काळी टिपं पडत होती, आणि मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की अव्वा, बोलू नकोस.

"कुठल्या गावचं म्हणायचं तुम्ही?" अव्वानं विचारलं.

"श्रीपूरकडचा."

"अय्यो शिवा! तिकडचं स्थळ आलंय की आमच्या पोरीला! मग सांगा की, माणसं कशी हायत? बाप लई खडूस हाय म्हणं."

मी खोकलो. अव्वानं मला पाणी दिलं.

"हाय जरा," तात्या म्हणाले.

"अव्वा, गप की," अक्का म्हणाली. पण मग तिनंच लिंबू बाजूला ठेवलं. "खडूस असू देत हो. खडूस माणूस निदान तोंडावर बोलतो. मुलगा कसा आहे? बापाला विचारून पाणी पिणारा नाही ना?"

तात्यांचा घास हातातच राहिला. "आन आसला, तर?"

"तर मला आत्ताच कळलेलं बरं. दोन स्थळं उंचीवरनं मोडली. हे ह्याच्यावरनं मोडलं तर निदान कारण तरी नवीन." ती हसली, पण डोळे बाहीवरच्या डागाकडे होते. "फोटोत बरा वाटला होता."

ते शेवटचं वाक्य तिनं आमच्यापैकी कुणापाशी कधी उच्चारलं नव्हतं. एका अनोळखी म्हाताऱ्यापाशी बोलून गेली. पलीकडे माग खटखटत होते आणि मी तिथं उभा, सगळं ठाऊक असलेला, एका शब्दानं सगळं मोडू शकणारा. सिनेमात ते गप्प राहणं किती रुबाबदार दिसायचं. प्रत्यक्षात मी पायाच्या अंगठ्यानं जमिनीवरची काळी टिपं पुसत होतो. तात्यांनी ताट पुसून खाल्लं, हात धुतले, दारात वहाणा घालताना अव्वाला "चटणी चांगली हाय" एवढंच म्हणाले, आणि पेंड न घेताच गेले. अव्वाला ते विचित्र वाटलं. "जेवायलाच आलता वाटतं," ती म्हणाली.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. निरोप येईना. मध्यस्थ रस्त्यात दिसला की दुसऱ्या बाजूनं जायचा. अप्पांनी कोटाबद्दल मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी नुसता मान हलवत राहिलो, त्यानं ते आणखी चिडले. अक्काचं गुणगुणणं थांबलं होतं. ती शाळेतून यायची, ज्वारी निवडायला बसायची, निवडून झालेलीच पुन्हा सुपात घ्यायची. मला कुठंच थारा नव्हता. घाण्यावर गेलो की घरी यावंसं वाटे, घरी आलो की तिचा चेहरा बघवत नसे. नरसू म्हणाला, नवीन सिनेमा आलाय, मारामारीचा. मी अर्ध्यातून उठून आलो. एका संध्याकाळी अक्का सूप खाली ठेवून म्हणाली, "मल्लू, तुला काहीतरी माहितीय. तू एवढा गप्प कधी नसतोस. तुझ्यामुळं काही झालंय का?" मी तोंड उघडलं. जिभेवर सगळं आलं होतं. मग मी तोंड मिटलं आणि नाही म्हणून मान हलवली. तिनं पुन्हा सूप हातात घेतलं. त्या इन्स्पेक्टरनं आयुष्यात केली नसेल एवढी मोठी कामगिरी मी त्या वेळी केली, पण कोटाशिवाय केल्यामुळं कुणाच्या लक्षात आली नाही.

आणि मग ते आले, सांगून-सवरून, जीपमधून. पांढरा फेटा, कडक इस्त्रीचा शर्ट, मागं मुलगा आणि मुलाचा मामा. मुलानं दारातून आत येताना डोकं वाकवलं. अव्वानं ते बघून भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे तोंड करून हात जोडले. अप्पांनी तोच कोट घातला होता, दुसरा नव्हताच. गळपट्टीपाशी त्यांची मान आत्ताच काळी पडायला लागली होती. अव्वानं तात्यांना ओळखलं आणि "यव्वा" म्हणून मटकन खालीच बसली. आतून अक्का चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं फेट्याखालचा चेहरा बघितला. कप किणकिणले. ती दोन पावलं मागं जाईल असं मला वाटलं. ती पुढं आली, ट्रे त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाली, "लिंबानं डाग गेला का?"

"न्हाय गेला," तात्या म्हणाले, आणि कप उचलला.

मुलगा हसला. अक्कानं त्याच्याकडे बघितलं, फोटोतल्यासारखं नव्हे, समोरासमोर, आणि तिला मान खाली घालावी लागली नाही. अप्पांना यातलं काहीच कळत नव्हतं. ते हात चोळत म्हणाले, "एवढे दिवस निरोप नाही, आम्ही काळजीत होतो. वाटलं, मुलगी पसंत पडली नाही की काय."

तात्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशीच्या कडेवरून माझ्याकडे बोट केलं.

"पोरगी तर त्याच दुपारी पसंत केली. एवढं दीस इचार चालला व्हता त्यो ह्येचा. आसला मेव्हणा पोराच्या गळ्यात बांधावा का न्हाय, ह्येच ठरंना."